बीटलचा क्लच घसरतोय: प्लेट गेलीय की नुसती केबल?

मागचं_इंजिन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय. गाडी आहे १९६८ ची फोक्सवॅगन बीटल, १५०० चं इंजिन, १२ व्होल्ट. मामांची गाडी, त्यांनी जिवापाड सांभाळली आणि आता माझ्याकडे आहे, त्यामुळे कुणाच्याही हातात द्यायला मन होत नाही, जमेल तेवढं स्वतः करायचं असं ठरवलंय.

प्रॉब्लेम असा की चढावर चौथ्या गेअरमधे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो पण गाडी काही पुढे सरकत नाही, म्हणजे सरकते पण त्या आवाजाच्या मानाने फारच कमी. सपाट रस्त्यावर हळू चालवली तर काही कळत नाही. गेअर मात्र सगळे लोण्यासारखे पडतात, रिव्हर्सही. काल एक लांब चढ चढून वर पोचलो तर जळका वास आला, तोच तो करपट, एकदा नाकात गेला की विसरत नाही असा. आरपीएम मीटर या गाडीला नाहीच त्यामुळे सगळं कानावर.

ओळखीच्या दोघांनी बघून "प्लेट गेली, इंजिन उतरवा" असं सांगितलंय. उतरवायची तयारी आहे, पण त्याआधी खात्री कशी करू? उगाच इंजिन काढलं आणि दोष भलतीकडेच निघाला असं नको व्हायला.

तेलकट_हात

मामांची गाडी स्वतः करताय हे वाचून फार बरं वाटलं. आता इंजिनला हात लावायच्या आधी पाच मिनिटं पेडलला द्या. गाडीत बसून नाही, दार उघडून खाली बसा आणि क्लच पेडल हाताने दाबा, पायाने नाही, पायाला हे कळत नाही. सुरुवातीला पेडल अगदी हलकं जातं आणि मग एका जागी जड लागतं. ते हलकं अंतर १० ते २० मिलीमीटर पाहिजे. किती आहे ते स्केल लावून सांगा.

कारण सांगतो. प्रेशर प्लेट क्लचच्या प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, दाबून धरते, आणि पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग तिच्या मधल्या बोटांना ढकलून तो दाब काढतं. प्लेट जशी झिजते तशी प्रेशर प्लेटची बोटं मागे म्हणजे बेअरिंगच्या दिशेला सरकतात, आणि पेडलचा हा मोकळा प्ले हळूहळू कमी होत जातो. शून्य झाला की तुम्ही पाय ठेवला नसला तरी बेअरिंग कायम दाबून बसलेलं असतं, म्हणजे तुम्ही चोवीस तास क्लच थोडासा दाबून गाडी चालवताय. मग चांगली प्लेटसुद्धा घसरते. नुसत्या अ‍ॅडजस्टमेंटच्या चुकीपायी इंजिनं उतरवलेली मी पाहिली आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं.

सहाव्होल्ट

तेलकट काकांना +१. आणि गेअर नीट पडताहेत हे महत्त्वाचं आहे, ते वाचून मला तरी वाटतंय की सुटण्यात काही दोष नाही, धरण्यात आहे. लोक "क्लच गेला" हे एकच वाक्य दोन अगदी उलट आजारांना वापरतात. क्लच धरत नाही म्हणजे घसरतो, आणि क्लच सुटत नाही म्हणजे गेअर टाकताना खरखर होते. बीटलमधे रिव्हर्सला सिंक्रो (गेअरचे वेग आधी जुळवून देणारी रचना) नाही म्हणून सुटत नसेल तर सगळ्यात आधी रिव्हर्स ओरडतो. पेडल पूर्ण दाबून तीनचार सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा, तरी खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये असं समजायचं.

माझी १९६४ ची १२०० आहे, ६ व्होल्ट. तिच्या क्लचवर मी पण एकदा महिनाभर काढलाय.

नवशिका

वाचतोय. जरा बाळबोध प्रश्न, प्ले जास्त झाला तर काय होतं?

तेलकट_हात

बाळबोध काही नाही हो. प्ले जास्त म्हणजे पेडलचा अर्धा प्रवास नुसता ढील भरण्यात जातो, बेअरिंग पुरेसं दाबलं जात नाही आणि सहाव्होल्ट म्हणाल्या तसं क्लच सुटत नाही, गेअर खरखरतात. केबल ताणली गेली की असं होतं. थोडक्यात प्लेट झिजली की प्ले कमी होतो आणि केबल लांबली की वाढतो. दोन्ही एकदम होत असेल तर पेडल वर्षभर अगदी छान वाटतं आणि आत मात्र प्लेट संपत आलेली असते, म्हणून नुसत्या पेडलवर विश्वास ठेवायचा नाही.

मागचं_इंजिन

काका, आत्ताच बघून आलो. प्ले जवळजवळ नाहीच! ३ मिमी असेल फार तर. म्हणजे नुसतं अ‍ॅडजस्ट करून काम होईल का? कुठून करायचं ते सांगाल का, पुस्तकातल्या चित्रात नट दिसतो पण गाडीखाली मला सापडला नाही.

तेलकट_हात

गेअरबॉक्सच्या डाव्या बाजूला क्लचचा आर्म आहे, त्यातून केबलचं आटे असलेलं टोक मागे येतं आणि त्यावर दोन कान असलेला नट असतो. मागचं डावं चाक काढा म्हणजे समोर दिसेल, गाडीखाली झोपून शोधू नका. गाडी जॅकवर सोडून हात घालायचा नाही, खाली स्टँड पाहिजेच, हे दर वेळी लिहीन. नट मळाने घट्ट असेल, आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, भेदक तेल मारा, आणि केबलचं टोक पकडने धरून नट फिरवा नाहीतर अख्खी केबल पिळली जाते. नट ढिला केला की प्ले वाढेल. नटाचे कान आर्मच्या खाचेत नीट बसले पाहिजेत, अर्धवट बसले तर चार दिवसांत प्ले बदलतो. १५ मिमीवर आणा, चारपाच वेळा पेडल दाबा, परत मोजा.

मग टेस्ट. मोकळी जागा, समोर कुणी नाही, हँडब्रेक पूर्ण ओढून पायब्रेकही दाबायचा, चौथा गेअर, इंजिन जरा वाढवून क्लच सावकाश सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. सुरूच राहिलं तर क्लच घसरतोय. एकदाच करा, दोनतीन सेकंदांच्या वर नको, या टेस्टनेच प्लेट जळते.

मागचं_इंजिन

केलं सगळं. नट सोडवायलाच पाऊण तास गेला. प्ले आता १५ मिमी. आणि केबल बाहेरून बघितली तर आर्मच्या जरा पुढे दोन तारा तुटून वर आलेल्या दिसल्या, म्हणून केबल आणि ती मागे जिच्यातून जाते ती वाकडी नळी दोन्ही नवीन मागवून टाकली. पुढे पेडलच्या हुकात केबलचा डोळा अडकवताना तीन वेळा निसटला, शेवटी बायकोने मागून केबल ताणून धरली तेव्हा बसला. इतर कुणी करणार असेल तर हे काम दोघांचं आहे.

टेस्ट: आधी इंजिन बंदच पडत नव्हतं, आता पडतं पण एकदम नाही, गुरगुरत गुरगुरत दोन सेकंदांनी. चढावर फरक पडलाय पण घसरणं गेलं नाहीये. वास पण थोडा आलाच.

तेलकट_हात

मग आता उतरवा. प्ले बरोबर असताना घसरतोय म्हणजे एकतर प्लेट झिजली, नाहीतर तिच्यावर तेल आलंय, नाहीतर प्रेशर प्लेटमधला जोर गेलाय. तिन्हीला इंजिन काढावंच लागतं. पण आता तुम्ही खात्रीने उतरवताय, ऐकीव नाही. इंजिनच्या आणि गेअरबॉक्सच्या सांध्याखाली तेलाचा थेंब दिसतो का?

मागचं_इंजिन

हो, कायम एक थेंब लोंबत असतो. मामा म्हणायचे की या गाड्यांना तेवढं असतंच.

सहाव्होल्ट

थेंब दिसला म्हणजे तेल अडवणारं मागचं सीलच गेलं असं लगेच धरू नका. ऑइल कूलरची रबरं आणि ऑइल प्रेशरचा स्विच वरच्या बाजूला आहेत, तिथून गळलेलं तेल खाली ओघळत येऊन बरोब्बर त्याच सांध्यावर जमतं. बाहेरून ओलं आहे की आतून येतंय ते इंजिन सुटल्यावर कळेल. आणि आतून असलं तर वास घ्या. इंजिन ऑइल काळं आणि नुसतं जळकट, गेअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिन ऑइल असेल तर फ्लायव्हीलमागचं सील, गेअर ऑइल असेल तर गेअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. जुनं म्हणून गळणारच हे मला पटत नाही, बरोबर बसवलेलं सील कोरडं राहतं.

सावकाश_चालवा

माझ्याकडे बीटल नाही, जुनी मिनी आहे, पण धागा सोडवत नाहीये. आमच्याकडे उलटी गंमत, इंजिन न काढता क्लच बदलता येतो, बाजूचं कव्हर काढलं की समोर क्लच, पण फ्लायव्हील निमुळत्या शाफ्टवर इतकं घट्ट बसलेलं असतं की खास पुलरशिवाय ते जागचं हलत नाही. आणि काढताना क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टची, खाच आडवी ठेवायची, नाहीतर आतला नालेच्या आकाराचा वायसर खाली पडतो आणि अडकतो. आमच्याकडे केबलही नाही, हायड्रॉलिक आहे, म्हणून गेअर खरखरले की मी आधी सिलिंडर आणि तेलाची पातळी बघतो. वरच्या तपासण्या मात्र दोघांना सारख्याच लागू आहेत.

मागचं_इंजिन

रविवारी उतरवलं! सकाळी आठला सुरुवात, दुपारी दोनला इंजिन जमिनीवर. पहिलीच वेळ म्हणून सविस्तर लिहितो.

बॅटरीची अर्थची वायर आधी काढली. मग जनरेटरच्या, कॉइलच्या आणि ऑइल स्विचच्या वायरी, प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. अ‍ॅक्सिलरेटरची केबल कार्ब्युरेटरपासून सोडवून पुढच्या पत्र्यातून मागे ढकलली. खाली पेट्रोलचा पाइप काढून लगेच बोल्ट खुपसून बंद केला. हीटरच्या दोन केबली, दोन मोठे हवेचे पाइप, मागचा पत्रा. मग इंजिन गेअरबॉक्सला धरून ठेवणारे खरे चार नट-बोल्ट, वर दोन आणि खाली दोन, सगळे १७ मिमीचे. वरचा उजवा बोल्ट स्टार्टरमधूनच जातो, त्याचं डोकं एका बाजूने सपाट आहे, म्हणून तो जागेवर अडकून राहतो आणि मागून नुसता नट फिरवता येतो. ज्याने हे डिझाइन केलं त्याला सलाम.

इंजिन साधारण ११० किलोचं आहे, ट्रॉली जॅकवर लाकडी फळी ठेवून त्यावर घेतलं. काकांनी फोनवर बजावलं होतं की आधी सरळ मागे, मग खाली. तसंच केलं, सुमारे १० सेमी सरळ मागे ओढेपर्यंत गेअरबॉक्सचा शाफ्ट प्लेटमधे होता, त्या अवस्थेत इंजिन जरा जरी खाली लोंबलं असतं तर सगळं वजन शाफ्टवर आणि प्लेटवर आलं असतं.

आता आत काय निघालं. प्लेटचं अस्तर फ्लायव्हीलच्या बाजूने रिव्हेटपर्यंत झिजलेलं. दोन रिव्हेटनी फ्लायव्हीलवर गोल रेघा पाडल्यात, नख अडकतं इतक्या. दोन ठिकाणी निळसर डाग. आणि घंटेच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या गेअरबॉक्सच्या कव्हरच्या, आत खालच्या अर्ध्यात काळं चिकट तेल, वास इंजिन ऑइलचा, म्हणजे सील गेलंयच. सगळीकडे काळी भुकटी आहे, उद्या हवेने उडवून साफ करतो.

तेलकट_हात

थांबा!! हवा मारू नका. जुन्या प्लेटांच्या अस्तरात अ‍ॅसबेस्टॉस असायचं, आणि तुमची प्लेट किती जुनी ते कुणालाच माहीत नाही. ती भुकटी फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. पाण्यात थोडा साबण घालून फवारा, ओल्या फडक्याने पुसा, फडकी पिशवीत बांधून टाका, बारीक धुळीचा मास्क लावा, आणि घरातली मुलं त्या दिवशी तिकडे येऊ देऊ नका. बाकी सगळ्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही.

मागचं_इंजिन

बरं झालं काका आधी इथे लिहिलं. कॉम्प्रेसर सुरूच करणार होतो. ओल्या फडक्यानेच केलं सगळं.

तेलकट_हात

आता सीलसाठी फ्लायव्हील काढावं लागेल. मधला मोठा नट ३६ चा आहे, त्यालाच आत सुयांचं बेअरिंग असतं ज्यात गेअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक फिरतं. काढण्याआधी क्रँकचा पुढेमागे प्ले मोजून घ्या. डायल गेज लावून फ्लायव्हील आतबाहेर ढकला, ०.०७ ते ०.१३ मिमी पाहिजे. ०.१५ च्या वर गेला असेल तर नुसतं सील बदलून उपयोग नाही, क्रँक मागेपुढे नाचत राहतो आणि नवीन सीलही गळतं. हा प्ले फ्लायव्हीलमागच्या शिमांनी, म्हणजे पातळ चकत्यांनी, ठरतो, शिमा नेहमी तीनच, दोन जाड घालून काम भागवायचं नाही. काढताना फ्लायव्हील आणि क्रँकवर खूण करा म्हणजे परत त्याच जागी बसेल.

फ्लायव्हीलवरच्या रेघा लेथवर काढून घ्या. घासणाऱ्याला सांगा की प्लेट जिथे घासते तिथून जेवढं काढाल तेवढंच प्रेशर प्लेटचं कव्हर जिथे बसतं त्या कडेवरूनही काढायचं. नुसतं मधलं काढलं तर प्लेट खोल जाते आणि तिच्यावरचा जोर कमी पडतो, मग नवा क्लच पहिल्या दिवसापासून घसरतो.

सहाव्होल्ट

आणि फ्लायव्हीलच्या मानेवर जिथे सील घासतं तिथे बोट फिरवून बघा, खाच लागली असेल तर नवं सील पण गळेल. आत एक गोल रबरी रिंग पण असते ती विसरू नका, बरेच जण सील बदलतात आणि तीच जुनी रिंग ठेवतात.

माझ्यासारखी ६ व्होल्टवाली गाडी असणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. आमच्या फ्लायव्हीलला १०९ दात आणि क्लच १८० मिमीचा, १२ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३० दात आणि धागाकर्त्यांच्या १५०० ला २०० मिमीचा क्लच. सामान मागवताना नुसतं साल सांगून भागत नाही, इतक्या वर्षांत कुठल्या गाडीत कुठलं इंजिन बसवलंय काही सांगता येत नाही. २ कोटी १५ लाखांवर बीटल बनल्या, शेवटची २००३ मधे मेक्सिकोत, आणि सुटे भाग एकीतून दुसरीत सहज जातात म्हणून लोकांनी मनसोक्त अदलाबदल केलीय. दात मोजा, प्लेट मोजा, मग ऑर्डर द्या.

मागचं_इंजिन

मोजलं. दात १३०, प्लेट २००. क्रँकचा प्ले ०.१० आला, जीव भांड्यात पडला. फ्लायव्हील लेथवर गेलंय.

नवीन किट आलं, प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र. पण एक शंका आहे. माझ्या जुन्या प्रेशर प्लेटच्या मधोमध बोटांवर एक गोल रिंग आहे, नवीनला ती नाही, नुसती बोटं आहेत. विकणारा म्हणतोय सगळ्या बीटलना हेच बसतं. आणि किटमधलं बेअरिंगही माझ्यासारखं दिसत नाही.

तेलकट_हात

परत करा. बरं झालं विचारलंत, हे खूप जणांकडून चुकतं. १९७१ च्या मॉडेलच्या सुमारास बेअरिंग बदललं, नंतरच्या गेअरबॉक्सला शाफ्टभोवती एक नळी आहे, बेअरिंग त्या नळीवर सरळ सरकतं, म्हणून त्याला रिंग लागत नाही. तुमच्या ६८ च्या गेअरबॉक्सला ती नळी नाही, बेअरिंग फोर्कवर दोन क्लिपांनी लटकतं आणि किंचित डगमगतं, म्हणून त्याला टेकायला रिंगवालीच प्रेशर प्लेट पाहिजे. घंटेच्या आत बघून खात्री करून घ्या, नळी नाही ना?

मागचं_इंजिन

नाही, नळी नाही. दोन क्लिपाच आहेत. परत करतोय.

नवशिका

एक विचारू का, बेअरिंग खराब आहे हे इंजिन न काढता कळतं का? माझ्या गाडीत पेडल दाबलं की आवाज येतो.

सहाव्होल्ट

कळतं, फक्त आवाज कधी येतो ते नीट ऐकायचं. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होते आणि सोडल्यावर जाते, तर रिलीज बेअरिंग. उलट न्यूट्रलमधे पेडल सोडलेलं असताना आवाज आहे आणि दाबल्यावर थांबतो, तर गेअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग, ते क्लचचं काम नाही. गाडी उभी, गेअरमधे, पेडल पूर्ण दाबलेलं आणि तेव्हाच बारीक किरकिर येत असेल तर त्या मोठ्या नटातलं सुयांचं बेअरिंगही असू शकतं, कारण त्याच वेळी इंजिन फिरतं आणि शाफ्ट थांबलेला असतो. आणि बेअरिंग पेट्रोलमधे धुवायचं नाही, आतलं ग्रीस निघून जातं.

मागचं_इंजिन

दहा दिवसांनी लिहितोय, बरोबर किट यायला वेळ लागला. काल इंजिन परत चढवलं.

सील सरळ बसवणं हे मला सगळ्यात कठीण वाटलं, एका बाजूने तिरकं गेलं म्हणून पहिलं वाया गेलं, दुसरं सपाट लोखंडी चकतीने चारी बाजूंनी थोडं थोडं दाबत बसवलं. ३६ च्या नटाला ३०० न्यूटन मीटर टॉर्क लागतो, एवढा मोठा टॉर्क पाना माझ्याकडे नाही. फ्लायव्हील एका लांब लोखंडी अँगलला दोन बोल्टांनी बांधून तो अँगल जमिनीला टेकवला, पान्याला पाइप लावला, नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर खूण केली आणि तिथे ३० किलोचं वजन टांगलं. पाइप आडवा असताना वजन खाली जायचं थांबलं की झालं. हिशोबाने २९४ येतो, चालेल ना?

सुयांच्या बेअरिंगला चिमूटभरच ग्रीस, प्लेटच्या दात्यांना मॉलिब्डेनमचं पुसटसं बोट. प्लेट मधोमध धरायला जुन्या गेअरबॉक्सचा शाफ्ट एका मित्राने दिला. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोर एकेक फेरी करत, शेवटी २५ न्यूटन मीटर.

चढवताना एक तास अडलो. दोन बोटं अंतर उरलं आणि इंजिन थांबलं, पुढे जाईना. वरचे बोल्ट घालून ओढून घ्यावं असं फार वाटत होतं.

तेलकट_हात

नाही ना ओढलंत??

२९४ चालतो, अगदी उत्तम.

मागचं_इंजिन

नाही ओढलं काका. मग लक्षात आलं की गाडी न्यूट्रलमधे आहे, मी पुली फिरवतोय तसा आतला शाफ्टपण बरोबर फिरतोय, दाते जुळणार कसे. चौथा गेअर टाकला, बायकोने एक चाक आणि मुलाने दुसरं धरून ठेवलं, मी जनरेटरच्या पुलीचा नट पान्याने अगदी हळू फिरवला, आणि इंजिन एकदम "टक्" करून आपोआप आत सरकलं. दोन्ही पत्रे एकमेकांना टेकले मगच नट लावले.

पण... क्लच आता घसरत नाही, चढावर मस्त ओढतो, सांध्याखाली एक थेंब नाही. मात्र पहिल्या गेअरमधे गाडी सोडताना थरथरते, अख्खी गाडी हलते, रिव्हर्समधे तर फारच. आधी असं अजिबात नव्हतं. प्लेटवर माझ्याच हाताचं ग्रीस लागलं असेल का? परत उतरवायची वेळ आली का?

सहाव्होल्ट

अजिबात उतरवू नका इतक्यात. केबल बदलली तेव्हा मागची वाकडी नळीही बदललीत ना? ती नळी किती वाकलीय आत्ता?

मागचं_इंजिन

वाकलीय म्हणजे? जवळजवळ सरळच आहे.

सहाव्होल्ट

मिळालं. ती सरळ नको. मधोमध २५ ते ४५ मिमी झोळ पाहिजे. इंजिन आणि गेअरबॉक्स रबराच्या माउंटवर आहेत, क्लच धरताना ते जरासे हलतात, आणि नळी सरळ असेल तर ती हालचाल थेट केबलला जाते. केबल ओढली जाते, क्लच सुटतो, गेअरबॉक्स परत येतो, क्लच धरतो, परत ओढली जाते. तीच तुमची थरथर. झोळ असला की तो ती हालचाल पिऊन टाकतो. झोळ फार असला तर केबल आत घासते आणि पेडल जड होतं.

गेअरबॉक्सच्या ब्रॅकेटमधे नळीचं टोक जिथे टेकतं तिथे मधे वायसर घालायचे, वायसर घातले की झोळ वाढतो. तुमच्या जुन्या नळीवर वायसर होते का?

मागचं_इंजिन

होते! दोन होते! मला वाटलं कुणीतरी उगाच घातलेत, जुन्या नळीबरोबर टाकून दिले. मामांनीच घातले असणार.

तेलकट_हात

मामांनी विचार करून घातले होते. मला केबल बदलतानाच सांगायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं. नळी करा आणि तरी थरथरली तर गेअरबॉक्सची माउंट बघा, एक पुढे नाकाशी आणि दोन मागे, रबर तडकलं किंवा तेलाने फुगलं असेल तरी असंच होतं. प्लेटवर ग्रीस हे सगळ्यात शेवटचं. झोळ बदलला की पेडलचा प्ले परत मोजायचा, तो नक्की बदललेला असणार.

मागचं_इंजिन

संध्याकाळी केलं. चाक काढून दोन वायसर घातले, झोळ २० आला, तिसरा घातला तर ३०. प्ले परत १५ वर आणला. बाहेर काढली, पहिला गेअर, क्लच सोडला आणि गाडी अशी निघाली की मागे बसलेल्या मुलाला कळलंच नाही कधी निघाली. रिव्हर्समधेही काही नाही. त्या लांब चढावर चौथ्यात नेली, आवाज आणि वेग बरोबर चढत गेले, वर उतरून वास घेतला तर नुसत्या गरम इंजिनचा.

काका, ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आज मामांची फार आठवण आली.

नवशिका

अख्खा धागा वाखुसा (वाचनखूण साठवली). आता किती दिवसांनी परत बघायचं?

तेलकट_हात

पहिले काही शे किलोमीटर चढावर क्लचवर गाडी तोलून धरायची नाही, जोरात सोडायचा नाही, अस्तर बसू द्यायचं. ५०० किमीला प्ले परत मोजा, नवीन केबल ताणली जाते आणि नवीन प्लेट बसते, त्यामुळे पहिल्यांदा नक्की थोडा फिरवावा लागतो. त्यानंतर दर वेळी ऑइल बदलताना, तेव्हा गाडीखाली जाताच आपण. आणि मागचं_इंजिन, ते तीन वायसर म्हणजे काय आहे ते एका कागदावर लिहून गाडीच्या पुस्तकात ठेवा, पुढे मुलगा करेल तेव्हा त्याला सापडेल.

मागचं_इंजिन

लिहिलं, आणि नळीचा फोटोही छापून लावला.